माझ्या वाट्याची कामं

पहाटे साडेचारला जाग येते. गजर लावावा लागत नाही. वाई आगारातून सुटणाऱ्या पहिल्या गाड्यांवर वाहक म्हणून इतकी वर्षं ड्युटी केली की अंगाला ती वेळ पाठ झाली. 2006 साली निवृत्त झालो, तरी ती सुटली नाही. निवृत्तीनंतर सुरुवातीला या वेळेचा फार जाच व्हायचा. सगळं घर झोपलेलं. दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, नुसती कूस बदलत उजाडण्याची वाट बघायची.

आता तो तास माझा आहे. उठून तोंड धुतो, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतो आणि सगळ्यांचा चहा मी करतो. पाण्याला उकळी आली की ठेचलेलं आलं टाकायचं, ते दोन मिनिटं खळखळू द्यायचं आणि मगच दूध घालायचं. कच्चं आलं आणि दूध एकदम चढवलं तर दूध नासतं. सूनबाई पाचगणीच्या शाळेत शिकवते, तिची गाडी लवकरची. पहिल्यांदा मला गॅसपाशी बघून ती संकोचली होती. म्हणाली, "आबा, तुम्ही कशाला? पडा की जरा." आता ती केस विंचरता विंचरता आतूनच विचारते, "आबा, झाला का चहा?" त्या विचारण्याने माझा दिवस सुरू होतो.

*

एसटी आणि मी एकाच सालचे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. त्याच पावसाळ्यात माझा जन्म. मी कामाला लागलो तेव्हा दोघांनीही नुकती विशी ओलांडली होती, आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. ती अजून रस्त्यावर आहे याचं मला मनापासून सुख वाटतं. संध्याकाळी दारावरून लाल गाडी गेली की आजही माझी नजर आधी तिच्या पाटीवर जाते.

*

26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. या दोन निर्णयांनी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना काय दिलं, हे बघायचं असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला वाई स्टँडवर उभं राहावं. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या भुईंजच्या, कोरेगावच्या, साताऱ्याच्या गाडीची वाट बघत असतात. कुणी बहिणीकडे निघालेली, कुणी भाचीच्या बाळाला बघायला, कुणी नुसतीच माहेरच्या देवाला.

मी वाहक होतो तेव्हाच्या म्हाताऱ्या मला आठवतात. पदराच्या टोकाला पैशांची गाठ असायची. गाडी हलत असताना ती गाठ त्या दातांनी सोडवायच्या. आतली नाणी तळहातावर पसरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. पुरतात की नाही, हे मी सांगायचं. त्या पैशांपेक्षा ते मागून आणणं त्यांना जड गेलेलं असायचं. मुलाकडे हात पसरायचा, सुनेला कारण सांगायचं, त्यापेक्षा नकोच जायला, असं म्हणून कितीतरी जणी घरीच राहिल्या असतील. आता तो प्रश्न उरला नाही. सख्ख्या बहिणी पुन्हा एकमेकींच्या ओसरीवर बसून बोलू लागल्या आहेत.

माझं पहिलं मोफत तिकीट एका तरुण वाहक मुलीने फाडलं. माझं आधार कार्ड बघितलं, यंत्राची कळ दाबली आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. आमच्या वेळी लाकडी ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतींचे तिकिटांचे गठ्ठे असायचे. तिकीट ओढून चिमट्याने भोक पाडायचं आणि मुक्कामी पोचल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब, जुळवायचं. मी तिला म्हणालो, "पोरी, मीही हेच काम करत होतो." ती लगेच उठून उभी राहिली आणि मला आपली जागा देऊ लागली. मी घेतली नाही. ती तिची जागा होती.

*

माउलींची पालखी नीरेचं स्नान करून पाडेगावला आपल्या सातारा जिल्ह्यात शिरते. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. नोकरीत असताना आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या असायच्या, त्यामुळे वारकरी मी गाडीत बसलेलेच जास्त बघितले. चालणारे वारकरी बघायला निवृत्तीनंतर सवड मिळाली. दर आषाढात लोणंदला जातो.

दिंडीत एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने दिसते. तिथे बिनकामाचं कुणी नसतं. एकाच्या गळ्यात वीणा, एकाच्या खांद्यावर पताका, कुणाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, कुणाकडे पाण्याचा हंडा, कुणाकडे टाळांची पिशवी. एका दिंडीत मला ऐंशीच्या पुढचे एक बाबा भेटले. चालून चालून पाय सुजलेले. त्यांच्याकडे गंधाची डबी होती. पहाटे निघण्याआधी दिंडीतल्या प्रत्येकाच्या कपाळाला गोपीचंदन लावायचं, हे त्यांचं काम. मी विचारलं, "बाबा, एवढं चालवतं का आता?" ते म्हणाले, "मी नाही आलो तर यांना गंध कोण लावणार?"

गंध कुणीही लावलं असतं. पण दिंडीने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. वारीचं मोठेपण मला इथे कळतं.

*

मेथी निवडायचं काम माझं. हे मी मागून घेतलं.

जुडीचा दोरा सोडायचा. मुळांकडून धरून दोनदा झटकायची, म्हणजे सुटी माती तिथल्या तिथे पडते. खाली जुना पेपर. एकेक काडी घ्यायची. शेंड्याचा कोवळा देठ नखाने सहज तुटतो, तो पानांबरोबर ठेवायचा. नख अडकलं की तिथून खालचा देठ निबर, तो टाकायचा. पिवळं पान बाजूला. मधेच गवताची काडी येते, कधी एखादं कोथिंबिरीचं पान. फुलावर आलेली मेथी असेल तर सूनबाईला आधीच सांगायचं, म्हणजे ती भाजीत डाळ जास्त घालते आणि कडूपणा मारला जातो. जुडी मोठी असेल तर अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळात डोक्यात दुसरं काही येत नाही. समोर हिरव्या पानांचा ढीग वाढत जातो आणि पेपरवर देठांचा.

वाळलेला वाघ्या घेवडा निवडणं याहून आवडीचं. कोरेगाव भागातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फिकट दाण्यावर गडद लाल रेघा, आणि कुठल्याही दोन दाण्यांवरच्या रेघा सारख्या नाहीत. नातू शेजारी बसला की आम्ही दोघं एकसारखे दाणे शोधतो. अजून सापडले नाहीत.

*

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि खिडकीतून बाहेर बघितलं, तर दोरीवर वाळत घातलेला माझाच सदरा पांढराशुभ्र. इतकी वर्षं तो मला पिवळट दिसत होता आणि मला वाटायचं, कापड जुनं झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, आणि त्यात निळा रंग सगळ्यांत आधी मंदावतो. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ता लागत नाही.

घरी आल्यावर मी निळ्या वस्तू बघत फिरलो. नातवाची पाण्याची बाटली, कंपासपेटी, गोठ्यावरची ताडपत्री, पाचगणीच्या डोंगरावरचं आभाळ. हिची एक साडी मी कायम काळी समजत होतो. ती गर्द निळी निघाली. हिला सांगितलं तर म्हणाली, "दिवाळीला तुम्हीच आणलेली." मग ती साडी तिने दुसऱ्या दिवशी नेसली.

माझ्या ओळखीत ऑपरेशनला घाबरून बसलेले पुष्कळ आहेत. त्यांना मी हेच सांगतो. भीती बाजूला ठेवा. पांढरा रंग पुन्हा पांढरा दिसणं, यासारखं सुख या वयात विकत मिळत नाही.

*

धोम धरणातून पाणी सोडलं की गावात बातमी आधी पोचते, पाणी नंतर. मग गावातली सगळी म्हातारी माणसं हळूहळू पुलाकडे जमतात. कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या एकेक करून पोटात घेते आणि ढोल्या गणपतीच्या देवळाला भिडते.

हे देऊळ 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं. घाटावर, अगदी नदीच्या अंगाला. त्याची मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आलं की दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. ज्याने ही भिंत बांधली, त्याने पाणी येणारच हे धरलं होतं. त्याला अडवायचा विचारच केला नाही, त्याला जायला वाट करून दिली. अडीचशे वर्षांहून जास्त काळ देऊळ उभं आहे.

म्हातारपणाचंही तसंच धरावं. गुडघा दुखणार, रात्री झोप मोडणार, ओळखीचं नाव ओठावर येऊन अडणार. यातलं काही अडवता येत नाही. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवून घेतला, उशाशी बॅटरी ठेवली, गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणली, पायांत घरातही चप्पल ठेवली. एवढी वाट करून दिली की पुष्कळ काही दोन्ही बाजूंनी निघून जातं.

*

सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या मी अजून रेडिओवर ऐकतो. टीव्हीवरची माणसं ओरडतात. रेडिओवरचा माणूस सांगतो.

*

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लहान वही आहे. तीत फोन नंबर. बरेच नंबर फार जुने आहेत, ते आता लागायचेही नाहीत. बऱ्याच नावांची माणसंही राहिली नाहीत. मुलाने सगळे नंबर मोबाइलमध्ये घालून दिले, तेव्हा म्हणाला, "आबा, ही आता टाकून देऊ?" मी नको म्हटलं.

त्यात माझ्या चालकाचं नाव आहे. जोर खोऱ्यातल्या मुक्कामी गाडीवर आम्ही दोघं असायचो. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची, पहाटे पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन वाईला परत. त्याचा हात असा बसलेला की धुक्यात, पावसात, चिखलाच्या रस्त्यावर मला कधी पोटात गोळा आला नाही. गाडी थांबवायला मी एक घंटा दिली की ती थांबायच्या आधी तो आरशात बघायचा, उतरणारं माणूस म्हातारं असेल तर गाडी कडेला, उंच जागेला लावायचा, म्हणजे पायरी बुटकी होते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. दर पाडव्याला त्याच्या बायकोला फोन करतो. वहिनी पहिली दोन मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, नंतर त्याच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या घरात त्याला ओळखणाऱ्या त्या आणि त्याच्या ड्युटीला ओळखणारा मी. आम्ही बोललो की तो पुरा होतो.

*

हयातीचा दाखला. ईपीएस-95 च्या पेन्शनरने तो वर्षातून एकदा द्यायचा. 2014 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने "जीवन प्रमाण" सुरू केलं आणि कागद घेऊन रांगेत उभं राहायचं कमी झालं. पण बोटाच्या ठशाची अडचण राहिली. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात. माझ्यासारख्यांचा अंगठा यंत्रावर उमटता उमटत नाही. जन्मभर कुदळ धरलेल्या माणसांचं तर विचारूच नका. आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून काम होतं.

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आमच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं हे काम करतो. रविवारी सकाळी ओट्यावर बसतो, एकेकाला समोर उजेडात बसवतो. "काका, चष्मा काढा. सरळ बघा. आता डोळे मिटा, उघडा." डोळे मिटून उघडले की सरकारला कळतं, हा माणूस आहे. सगळ्यांचं झालं की तिथेच चहा होतो. म्हाताऱ्या बायकांनी त्या निमित्ताने डोक्याला तेल लावून, पदर नीट घेऊन यायचा पायंडा पाडला आहे. फोटो काढायचा म्हटल्यावर नीटच दिसलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

त्या मुलाला पैसे देऊ केले तर घेत नाही. म्हणून त्याच्या आईकडे आमच्या परसातली केळी जातात.

*

नातवाला मी पावकी, निमकी, पाऊणकी शिकवतो. त्याच्या पुस्तकात या नाहीत. आता तो सवायकीवर आला आहे. चारी सव्वा पाच, आठी सव्वा दहा. पुढे दिडकी, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. वाहकाला ट्रेपुढे उभं राहून हिशेब करायला वेळ नसायचा. सव्वा रुपयाची सहा तिकिटं, दोन अर्धी, दहाची नोट, बाकी किती, हे तोंडातून निघेपर्यंत पुढचा प्रवासी हात पुढे करून उभा. तेव्हा या पाढ्यांनी आयुष्यभर साथ दिली.

परवा भाजीवाल्याने कॅल्क्युलेटर काढायच्या आत नातवाने आकडा सांगितला. भाजीवाला त्याच्याकडे बघत राहिला. नातू माझ्याकडे बघत होता.

*

वाईत राहायचं एक मोठं भाग्य म्हणजे इथे मराठी विश्वकोश तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते. पहिला खंड 1976 साली निघाला, पुढे वीस खंड झाले. नोकरीत असताना मी त्या कचेरीवरून रोज जायचो, पण आत डोकावायला फुरसत नव्हती. आता वाचनालयात जाऊन एखादा खंड मागतो. एका दिवशी एकच नोंद वाचायची, असा नेम केला आहे. जास्त वाचलं की लक्षात राहत नाही.

त्यात कृष्णेवरची नोंद वाचली. महाबळेश्वरला उगम, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा सुमारे 1,400 किलोमीटरचा प्रवास, आणि हंसलादेवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. वाईपर्यंत तिचं बालपणच म्हणायचं. ज्या नदीत मी पोहायला शिकलो, तिच्यापुढे अजून केवढा मुलूख होता हे मला आत्ता कळलं. त्या संध्याकाळी घाटावर जाऊन पाण्याकडे बघताना मला ती वेगळी दिसली.

शिकायचं वय निघून गेलं, असं माझ्या बरोबरीचे लोक म्हणतात. परीक्षेचं वय निघून गेलं, हे खरं. शिकायला आताच तर मोकळीक आहे.

*

दात कमी झाल्यापासून भाकरी दुधात कुस्करून खातो. गरम बाजरीची भाकरी, वरून दूध, चिमूटभर मीठ. थंडीत कुळथाचं माडगं. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात जरा जास्त कुटायची, म्हणजे ती दातांखाली न येता जिभेवर उतरते. ही कुटताना मधेच एक बोट चाखायला देते. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली. तिने "मीठ बघा" म्हणून हात पुढे करावा आणि मी मान डोलवावी, एवढ्यात सगळं येतं.

*

थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव येतो. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, असे सात घाट. एकेका घाटावर कृष्णाबाई काही दिवस मुक्कामाला असते. मांडव, कीर्तनं, आरत्या आणि शेवटी प्रसादाच्या पंगती.

पूर्वी मी वाढप्यांत असायचो. भाताची परात घेऊन पंगतीतून पळायचो. आता वाकता येत नाही. म्हणून आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांकडे तीन कामं असतात. वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, पत्रावळी मोजून पंगतीगणिक गठ्ठे करायचे आणि चपलांवर लक्ष ठेवायचं. पावत्या माझ्याकडे. संध्याकाळी पावत्यांची स्थळप्रत आणि पेटीतली रक्कम पैशाला पैसा जुळली पाहिजे. मंडळाची तरुण पोरं म्हणतात, "आबा, उद्या जुळवू." मी म्हणतो, वेबिल त्याच रात्री जुळवायचं असतं. जुळल्याशिवाय मी जेवत नाही आणि ती पोरंही माझ्यासाठी थांबतात.

*

मार्चकडे वाईच्या आसपासच्या शिवारात हळद शिजते. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवायचे, खाली पाचटाचा जाळ. आता ट्रॅक्टरमागे जोडलेले वाफेचे कुकर आले. यंत्र बदललं, वास तोच. ओला, मातीचा, जरासा तिखट. सकाळी फिरायला मेणवलीच्या रस्त्याला गेलो की तो वास वाटेत भेटतो. शेताच्या कडेला शिजलेली हळद वाळत घातलेली असते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला बहुधा कुणीतरी आजी बसलेली असते. मी विचारतो, "अजून किती दिवस ऊन द्यायचं?" ती एक कांड उचलते, मोडते, कट् असा आवाज ऐकते आणि सांगते, "अजून चार." हे तिला यंत्राशिवाय कळतं आणि तिच्या घरात हे तिलाच विचारतात.

*

आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. मुलं परदेशात, गुणी आणि मायाळू. रोज फोन करतात. वडिलांना कष्ट नकोत म्हणून त्यांनी स्वयंपाकाला बाई, कामाला माणूस, औषधाला नर्स, सगळं लावून दिलं. भाजी घरपोच येते. बिलं मुलं तिथूनच भरतात. गृहस्थांनी फक्त खुर्चीत बसायचं.

दोन वर्षांत तो माणूस बोलायचा थांबला. आजार काही सापडला नाही. सकाळी खुर्ची, दुपारी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. मी जाऊन बसायचो, तर दोन-तीन शब्दांत उत्तर.

हिने एक दिवस मिरचीची आणि वांग्याची रोपं एका टोपलीत घालून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. म्हणाली, "भाऊ, आमच्या परसात उंदीर खातात. एवढी मोठी होईपर्यंत तुमच्याकडे ठेवाल का?" त्यांनी ठेवली. दुसऱ्या दिवशी ते हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे दिसले. पंधरवड्याने मला हाक मारून म्हणाले, "पानं मुरडताहेत, तुडतुडे आहेत, निंबोळीचा अर्क आणा." एका दमात त्यांनी एवढं बोललेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पुढे त्यांनी अर्काचं प्रमाण सांगितलं, फवारा कुठल्या वेळेला मारायचा ते सांगितलं, पानाच्या खालच्या बाजूने मारा असं बजावलं.

आता आळीतली माणसं कुंडीतली रोपं घेऊन त्यांच्याकडे जातात. ते अजूनही कमीच बोलतात. पण सकाळी खुर्ची रिकामी असते.

*

आईवडिलांचा सांभाळ करण्यासाठी 2007 साली देशात कायदा झाला. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळतं. एल्डरलाइन म्हणून 14567 हा मदतीचा क्रमांक आहे, तो प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या फोनजवळ लिहून ठेवलेला असावा. ज्यांच्यावर वाईट वेळ आली त्यांना या सगळ्याचा आधार आहे आणि तो असलाच पाहिजे.

पण ज्यांच्या घरी सुख आहे, माया आहे, त्यांच्याशी मला थोडं बोलायचं आहे.

तुमच्या घरात सत्तरी-पंचाहत्तरीचं कुणी असेल, तर प्रेमापोटी त्यांच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. त्यांच्याकडे एखादं काम राहू द्या. काम लहान असलं तरी चालेल, पण ते रोजचं असावं आणि खरं असावं. त्यांनी ते केलं नाही तर घरात थोडं अडावं, असं असावं. दूध तापवणं, देवाची फुलं काढणं, नातवाचा गृहपाठ बघणं, वाण्याचा हिशेब ठेवणं, मेथी निवडणं, काहीही. त्यांना वेळ लागेल. तुमच्यापेक्षा दुप्पट लागेल. लागू द्या. मधेच जाऊन ते काम त्यांच्या हातातून घेऊ नका, आणि त्यांची पाठ फिरल्यावर पुन्हा करू नका, कारण ते त्यांना कळतं.

आणि माझ्या बरोबरीच्यांनो, घरच्यांना सुचलं नाही तर आपण होऊन मागा. काम मागण्यात कमीपणा नाही. मी मागितलं आणि मला मिळालं.